पऱ्याकाठी मुक्काम

आषाढी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले होते आणि आम्ही चौघे मित्र मात्र गाडी काढून कोकणात निघालो होतो. घरची मंडळी म्हणाली, "भगवंतांनी भिक्खूंना सांगितलं, पावसात एका जागी राहा. आणि तुम्हाला नेमकं याच दिवसांत फिरायचं सुचलं!" आम्ही ते हसण्यावारी नेले. आम्ही कुठे भिक्खू? पण त्या बोलण्याचा अर्थ पुढे एका पऱ्याने आम्हाला समजावून दिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

चौघे म्हणजे मुंबईच्या एकाच चाळीत वाढलेले. एक जण आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो. दुसरा पोस्टात. तिसरा सफाई खात्यात, आणि चौथे आम्ही. प्रवासाचे निमित्त तिसऱ्या मित्राचे. त्याची आई मंडणगड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत एकटी राहते. दहा-बारा गुंठ्यांचा भाताचा तुकडा आहे. गेल्या वर्षी लावणीला येतो म्हणून सांगितले आणि रजा मिळाली नाही. यंदा तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोन लुगडी आणि शेवेचा पुडा पिशवीत घालून तो गाडीत बसला, तेव्हा त्याच्या तोंडावर अपराधीपण स्पष्ट दिसत होते.

पहाटे पाचला निघालो. पनवेल सोडले आणि कर्नाळ्याचा सुळका ढगात बुडालेला दिसला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. त्यामुळे कुठे गुळगुळीत रस्ता तर कुठे खड्डा, असा ऊनसावलीचा खेळ. पण दोन्ही बाजूंना पाहावे तर डोळे निवत होते. चिखलणी झालेली खाचरे आरशासारखी चमकत होती. निळे-पिवळे प्लॅस्टिक पांघरून बाया वाकून आवण लावत होत्या. पूर्वी डोक्यावर इरले असे, आता प्लॅस्टिक आले. पाठ मात्र तशीच वाकलेली. मित्र खिडकीतून बघत म्हणाला, "आई पण आत्ता अशीच वाकलेली असेल." त्यानंतर बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची कमान लागली. तिथे चहा घेतला आणि महाड जवळ येताच गांधारपाल्याच्या लेण्यांपाशी गाडी उभी केली. पायऱ्या शेवाळलेल्या, वरून पाण्याच्या धारा. एकमेकांचा हात धरूनच वर गेलो. डोंगरात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची दोन टाकी दान दिल्याचे तिथल्या ब्राह्मी शिलालेखात नोंदलेले आहे. दानात पाण्याची टाकी आवर्जून मोजलेली आहेत, हे आम्हाला फार मोलाचे वाटले. राहायला जागा दिली आणि तहान भागवायची सोय केली नाही, तर ते दान कसले?

वर लेण्याच्या ओवरीत उभे राहून पाहिले, तर खाली सावित्री आणि गांधारी नद्यांचे लाल पाणी पसरलेले. पोस्टातला मित्र वाचनवेडा. तो म्हणाला, "भिक्खू पावसात हिंडतात, कोवळं गवत नि बारीक जीव पायाखाली तुडवतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटं करून राहतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी वर्षावासाचा नियम घातला." तीन महिने थांबायचे, ते अशाच ठिकाणी. दगडाच्या त्या कोरड्या ओट्यावर बसलो तेव्हा बाहेरच्या पावसाचा आवाज निराळाच वाटू लागला.

महाडला चवदार तळ्यावर गेलो. पावसामुळे गर्दी नव्हती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. आमच्या वाचकांना हा इतिहास पाठ आहे. तरी त्या पायऱ्यांवर उभे राहिले की तो पुन्हा आठवावासा वाटतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. पण कागदावरचे पाणी ओठापर्यंत आले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना रांगेने घेऊन तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्याले. आम्ही चौघांनीही वाकून ओंजळ भरली. सफाई खात्यातल्या मित्राने ओला हात डोक्यावरून फिरवला.

तळ्याजवळच्या एका दुकानदाराने भिंतीवरची खूण दाखवली. जुलै २०२१ च्या पुरात पाणी तिथपर्यंत चढले होते. त्या वेळी महाबळेश्वरला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. सावित्री उगम पावते ती तिथे. वरून डोंगराचे पाणी, खालून बाणकोटच्या खाडीची भरती. मधल्या महाडने जायचे कुठे? त्याच दिवशी, २२ जुलैला, तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. दुकानदार म्हणाला, "पाऊस आम्हाला नवा नाही. पण आता तो मोजमाप ठेवत नाही."

सावित्री ओलांडताना दादांनी गाडी हळू केली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. दादा एवढेच म्हणाले, "त्या ड्रायव्हरांना अंधारात काय दिसणार होतं? पुढे रस्ता आहे असंच धरून गाडी चालवावी लागते." आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाचे ते बोलणे ऐकून आमच्या अंगावर काटा आला.

म्हाप्रळमार्गे मंडणगडच्या वाटेला लागलो आणि पावसाने जोर धरला. काच पुसणारी काठी नुसती फिरत होती, दिसत काही नव्हते. मुख्य रस्ता सोडून गावाच्या फाट्याला वळलो तेव्हा साडेपाच वाजले होते. वाडी आता दोन किलोमीटरवर. आणि मध्ये पऱ्या आडवा आला.

आमच्या मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांसाठी सांगतो, पऱ्या म्हणजे ओढा. उन्हाळ्यात पोरे त्यात क्रिकेट खेळतात. त्यावर एक फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आणि कडेला पांढरे रंगवलेले दगड. त्या संध्याकाळी ना फरशी दिसत होती, ना दगड. तांबडे पाणी फांद्या घेऊन धावत होते. पलीकडच्या चढावर वाडीतल्या पहिल्या घराचा दिवा दिसत होता.

मित्र म्हणाला, "गुडघाभरच पाणी असतं इथं. मला ठाऊक आहे. दादा, घाला गाडी."

दादांनी इंजिन बंद केले. खाली उतरून पाण्याच्या काठाला एक काठी रोवली आणि आम्हाला घड्याळ बघायला सांगितले. पंधरा मिनिटांत काठीभोवती वीतभर पाणी आले. दादांनी चावी खिशात घातली. म्हणाले, "दगड दिसत नाहीत. पाणी चढतंय. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलतं. मी गाडी घालणार नाही."

मित्राचा तोल सुटला. "माझी आई पलीकडे आहे, तुमची नाही! तिच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. किती उरल्यात तेही मला माहीत नाही. फोन लागत नाही. चवदार तळ्यावर ओंजळ भरून आलोत आपण, आणि एवढ्याशा पऱ्याला भिता?" तो पिशवी डोक्यावर घेऊन चालतच निघाला. आम्ही दोघांनी त्याला धरले. खोटे कशाला सांगावे, त्या क्षणी आमच्याही मनात आले की दादा उगाच ताणत आहेत. वीस पावलांचे तर अंतर!

आमचा आरडाओरडा ऐकून अलीकडच्या वाडीतली माणसे कंदील घेऊन आली. त्यांनी काही विचारले नाही. "चला वर," एवढेच म्हणाले. विहारात सतरंज्या घातल्या. एका घरून नाचणीच्या भाकऱ्या आणि टाकळ्याची भाजी आली, दुसऱ्या घरून सुकटाची चटणी. एका पोराने पऱ्यावर जाऊन पलीकडे हाळी घातली. पाण्याच्या आवाजात ती पोचली की नाही, कळले नाही.

जेवणे झाल्यावर वाडीतली बायामाणसे जमली. वर्षावासाचे वाचन होते. नववीतली एक मुलगी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ खणखणीत आवाजात वाचत होती. मित्र भिंतीला टेकून बसला होता. लक्ष सारे बाहेरच्या पाण्याकडे.

वाचन संपल्यावर वाडीतले एक वृद्ध आजोबा त्याच्याजवळ येऊन बसले. भांडणातले चवदार तळ्याचे वाक्य त्यांनी ऐकले असावे. ते म्हणाले, "बाबा, मार्चचं सगळ्यांना आठवतं. डिसेंबरचं आठवतं का? त्याच सत्तावीस साली डिसेंबरात हजारो माणसं पुन्हा महाडला जमली होती. तळ्यावर जायचंच म्हणून. मरायला तयार होती. पण कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. बाबासाहेबांनी लोकांना समजावलं आणि थांबवलं. पाण्याला हात न लावता तळ्याला वेढा घालून मिरवणूक परत आली. तेव्हा बाबासाहेब भ्याले होते का? दहा वर्षं कोर्टात लढले आणि सदतीस साली हायकोर्टात तळं जिंकलं. ओंजळ भरायला छाती लागते पोरा. भरलेली छाती आवरून धरायला त्याहून मोठी लागते."

मित्र काही बोलला नाही. पण रात्री केव्हातरी आम्हाला जाग आली, तेव्हा तो दादांच्या अंगावर आपली चादर घालत होता.

पहाटे पाऊस उघडला. कोकणातले पाणी जसे झपाट्याने चढते तसेच उतरते. आम्ही पऱ्यावर गेलो. पाणी घोट्याइतके उरले होते आणि फरशी उघडी पडली होती. तिच्या मधोमध बैलगाडी बसेल एवढे खिंडार होते. खालची माती वाहून गेली होती आणि वरचा भाग कोसळला होता. संध्याकाळी ते होते की रात्री पडले, कोणास ठाऊक. पाण्याखाली ते आम्हाला दिसले नसते, हे मात्र नक्की. चौघेही गप्प उभे राहिलो.

वाडीतल्या एका तरुणाने आम्हाला वरच्या अंगाने, पाऊण तासाच्या वाटेने, लोखंडी साकवावरून पलीकडे नेले. मित्राची आई खाचरात होती. गुडघाभर चिखलात, हातात आवणाची जुडी. लेकाला पाहून तिने हात धुतले आणि आधी आम्हा सगळ्यांना नीट न्याहाळले. रात्री आमच्यासाठी तिने भात टाकला होता. मित्र म्हणाला, "आई, काल अलीकडेच अडकलो. तू वाट बघत बसली असशील."

ती म्हणाली, "पऱ्याचा आवाज मला ऐकू येत होता. तुम्ही आला असतात तरच मी घाबरले असते. भात काय, पुन्हा शिजतो."

गोळ्यांच्या डबीत दोन गोळ्या उरल्या होत्या.

त्या दिवशी आम्ही चौघांनी जमेल तशी लावणी केली. आमच्या ओळी वाकड्या झाल्या म्हणून शेजारच्या बाया पोट धरून हसल्या. आंबडव्याला, बाबासाहेबांच्या मूळ गावी, जायचे ठरले होते. ते दुसऱ्या दिवशी, पाऊस पाहून गेलो. पण दापोलीचा बेत रद्द केला. त्याची कोणालाच खंत वाटली नाही.

वाचकहो, कोकणात आपल्या कितीतरी वाड्या गावाच्या कडेला, पऱ्याच्या काठी नाहीतर डोंगराच्या पायथ्याला आहेत. चांगली जागा आपल्या वाट्याला आली नाही, म्हणून पाणी आणि दरड आधी आपल्या दारात येते. फरशीच्या जागी उंच पूल व्हावा म्हणून अर्ज, मोर्चे, ग्रामसभा हे सारे करायलाच हवे. तो आपला हक्क आहे. त्या वाडीच्या लोकांनी अर्ज लिहिला, त्यावर आम्हीही साक्षीदार म्हणून सह्या केल्या. पण पूल होईपर्यंत पाणी आपल्यासाठी थांबणार नाही, आपल्यालाच थांबावे लागेल.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. गावच्या म्हाताऱ्या माणसांची दोन महिन्यांची औषधे पावसाआधीच पोचवा. रजा घेताना एक दिवस जादा घ्या, म्हणजे घाई होणार नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. फरशीच्या कडेचे दगड दिसत नसतील, तर गाडीही घालू नका आणि पाऊलही. आणि गाडी चालवणारा "नको" म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्यामुळेच तुम्ही घरी पोचता.

परतताना गांधारपाल्याची लेणी पुन्हा पावसात दिसली. दादांनी गाडी थांबवली नाही, फक्त तिकडे पाहून मान लववली. पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी, आमचा तिसरा मित्र बसला होता. जाताना तो मागे बसला होता.