जूचंद्रच्या खाजणांतील कोल्हे

वसई रोड स्टेशनाहून दिव्याकडे जाणारी आगगाडी मुख्य मार्ग सोडून पूर्वेकडे वळली, म्हणजे जूचंद्र हें स्टेशन लागतें. पश्चिम रेल्वेच्या नायगांव स्टेशनावर उतरूनहि या गांवीं येतां येतें. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडणारा हा वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. त्याच्याहि आधीं, २००९ सालीं, वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली होती. गांवची जुनी वस्ती मुख्यतः आगरी लोकांची. येथील रांगोळीकारांची कीर्ति मुंबईपर्यंत पसरलेली आहे; रंगीत भुकटीनें हुबेहुब मुखचित्र उठविणारे हात या गांवांत पुष्कळ. डोंगरावर चंडिका देवीचें स्थान आहे. तेथें उभें राहिलें असतां एका बाजूस तुंगारेश्वराकडील डोंगरांची निळी रांग दिसते, आणि दुसऱ्या बाजूस खाजणें, तिवरांची झुडुपें व मिठागरांचे चौकोन खाडीपर्यंत पसरलेले दिसतात. या दोहोंच्या मध्यें, जेथें कालपरवांपर्यंत मोकळें रान होतें, तेथें आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहात आहेत.

माघ महिन्याच्या वद्य पक्षांत आमचें तेथें दोन दिवस राहणें झालें. आमचा एक जुना विद्यार्थी वन्य प्राण्यांच्या अभ्यासांत पडलेला आहे. “गुरुजी, पंचतंत्र तुम्हीं आम्हांला शिकविलें, आतां करटक-दमनक प्रत्यक्ष दाखवितों, या,” असें त्यानें लिहिलें, आणि ह्या वयांत असलें निमंत्रण नाकारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करणें बरें. मराठींत ज्यास आपण कोल्हा म्हणतों तो संस्कृतांतील शृगाल होय. इंग्रजी गोष्टींतील द्राक्षें आंबट ठरविणारा प्राणी वेगळा. त्यास आपल्याकडे खोकड म्हणतात. इसापनीतीच्या भाषांतरांतून खोकडाच्या जागीं कोल्हा आला आणि दोघांची लबाडी एकाच्याच माथीं बसली. वेदकाळच्या लोकांस मात्र हा भेद ठाऊक होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एकाच ऋचेंत लोपाश आणि क्रोष्टा हे दोघे निरनिराळे उल्लेखिले आहेत. अमरकोशांत कोल्ह्यास गोमायु, जंबुक, फेरव, मृगधूर्तक, वंचक अशीं नांवें दिलीं आहेत, आणि त्यांतच शिवा हेंहि एक आहे. ज्याला वंचक म्हणावयाचें त्यालाच मंगलवाचक नांव द्यावयाचें, ही आपल्या पूर्वजांची रीत विचार करण्याजोगी आहे. आपली साधी म्हण घ्या: कोल्हा काकडीला राजी. ती रचणाऱ्या कुणब्यानें मळ्यांत शिरणारा कोल्हा डोळ्यांनीं पाहिलेला होता. हा प्राणी केवळ मांसावर जगत नाहीं. बोरें, काकड्या, खेकडे, उंदीर, मेलेली मासळी, जें मिळेल त्यावर तो गुजराण करितो.

पहिल्या दिवशीं सायंकाळीं आम्ही मिठागराच्या बांधावरून फिरावयास गेलों. दिवसाचें काम आटोपून मिठाच्या ढिगापाशीं एक वृद्ध आगरी गृहस्थ बसले होते. कोल्ह्यांची गोष्ट काढतांच ते म्हणाले, “मास्तर, आमच्या बापाच्या आधींपासून तो हितं आहे. बांधाला भोकं पाडतात ते उंदीर नि खेकडे, आणि तो त्यांनाच खातो. कधीं कोंबडी नेली, तर ती आपणच उघडी ठेवलेली असते.” एवढें बोलून त्यांनीं विडी पेटविली आणि विषय संपविला.

परंतु विषय तेथें संपणारा नव्हता. आम्ही ज्यांच्याकडे उतरलों होतों, त्यांची इमारत खाजणाला लागूनच आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर शेजारचीं दोन-तीन कुटुंबें बोलावयास आलीं. त्यांतील एका गृहस्थांनीं परदेशांतील चित्रफिती पाहिल्या होत्या. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथें शेतकरी रात्रीं मोटार काढतात, बंदुकीवर अंधारांत पाहणारी दुर्बीण बसवितात, आणि दीड-दोनशें यार्डांवरून खोकड टिपतात. “तिकडे असा बंदोबस्त होतो, तर आपल्याकडे कां होऊं नये?” असा त्यांचा सवाल होता. त्यांची पत्नी शांतपणें म्हणाली, “गुरुजी, तुम्हांला कोल्हेकुई ऐकून मौज वाटेल. आमचीं मुलें दिवेलागणीपर्यंत खालीं खेळत असतात. एखाद्या दिवशीं पिसाळलेला कोल्हा आला तर आम्हीं काय करावें?”

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०२४ सालीं मुंबईंत चेंबूर-ट्रॉम्बेकडील भागांत कोल्ह्यांनीं माणसांस चावे घेतले, आणि मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणींत जलसंत्रास, म्हणजे ज्यास आज सर्वत्र रेबीज म्हणतात, तो रोग आढळला. त्या रोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं म्हणजे मनुष्य बहुधा वांचत नाहीं. तेव्हां आईच्या भयास अज्ञान म्हणणें हा अन्याय होईल. तिला उत्तर दिलें पाहिजे, आणि तें खरें असलें पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यानें उत्तरास घाई केली नाहीं. “आधीं आपण त्यांना पाहूं,” असें म्हणून तो आम्हां सर्वांस गच्चीवर घेऊन गेला. त्याच्यापाशीं दोन यंत्रें होतीं. पहिलें यंत्र ताऱ्यांचा अंधुक प्रकाश घेऊन तो सहस्रपटींनीं वाढवितें. त्यांतून सारें खाजण हिरवट चांदण्यांत न्हालेलें दिसतें. परंतु त्यास थोडा तरी उजेड लागतोच, आणि झुडुपाआड निश्चळ बसलेला प्राणी त्यांतून सहसा सांपडत नाहीं. दुसऱ्या यंत्रास उजेडाची गरजच नाहीं. प्रत्येक वस्तूपासून तिच्या उष्णतेप्रमाणें अदृश्य किरण निघत असतात. अशा किरणांचा शोध हर्शेल या ज्योतिषानें १८०० सालीं लाविला. लोलकानें पाडलेल्या सप्तरंगांत तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नाहीं, तेथें ठेवलेल्या तापमापकाचा पारा चढलेला त्यास आढळला. आजच्या यंत्रांत त्या पाऱ्याच्या जागीं सहस्रावधि सूक्ष्म कण असतात, आणि प्रत्येक कण आपल्यापुरती उष्णता मोजून चित्राचा एक ठिपका देतो. साध्या कांचेंतून हे किरण पार होत नाहींत, म्हणून त्याचें भिंग जर्मेनियम नांवाच्या मूलद्रव्याचें करावें लागतें. याच कारणास्तव खिडकीच्या बंद तावदानाआडून हें यंत्र निरुपयोगी ठरतें. पावसांत व दाट धुक्यांतहि त्याची दृष्टि मंदावते. संध्याकाळीं दगड व भिंती तापलेल्या असतात, त्यामुळें प्राणी त्यांत मिसळून जातो. उत्तररात्रीं सर्व निवलें म्हणजे तो स्वच्छ उठून दिसतो.

म्हणून पहांटेच्या सुमारास आम्ही पुनः गच्चीवर गेलों. यंत्रास डोळा लावतांच खाजण काळेंभोर दिसलें, पाण्याचे चौकोन करडे, आणि बांधावरून दोन शुभ्र आकृति एकीमागून एक चाललेल्या. पुढची थांबली, मागची तिच्या मानेशीं तोंड नेऊन उभी राहिली. मग एकीनें पाण्याच्या कडेस पंजा मारला व कांहीं खाल्लें, खेकडाच असावा. कोल्हा बहुधा जोडीनें राहतो आणि आपल्या हद्दीचें रक्षण करितो, असें विद्यार्थ्यानें हलक्या आवाजांत सांगितलें. इतक्यांत दूरच्या तिवरांतून एक लांब हेल निघाला, त्यास या दोघांनीं उत्तर दिलें, आणि पाहतां पाहतां चारी दिशांनीं कोल्हेकुई उठली. मार्कंडेय पुराणांतील देवीमाहात्म्यांत देवीच्या देहांतून निघालेली चंडिकेची शक्ति शेंकडों कोल्ह्यांप्रमाणें गर्जना करिते असें वर्णन आहे. चंडिकेच्या डोंगराच्या पायथ्याशीं तें आठवलें, आणि अंगावर कांटा उभा राहिला. त्या आईनेंहि यंत्रांतून पाहिलें. बराच वेळ तिनें तें डोळ्यांपासून काढलें नाहीं, मग एवढेंच विचारलें, “हीं रोज येथेंच असतात?”

“रोज,” विद्यार्थी म्हणाला, “इमारत बांधण्यापूर्वींपासून.”

सकाळीं चहाच्या वेळीं तो मुख्य प्रश्नाकडे वळला. त्याचें विवेचन आमच्या शब्दांत येथें देतों.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी. तेथें खोकड मूळचा नव्हेच. एकोणिसाव्या शतकांत गोऱ्या वसाहतवाल्यांनीं शिकारीच्या हौसेसाठीं तो विलायतेहून नेला, आणि तेथील लहान प्राण्यांचा त्यानें संहार केला. इंग्लंडांत तो मूळचा आहे, पण तेथें मेंढ्यांच्या कोंकरांचा व पाळीव पांखरांचा प्रश्न असतो. शिकारी कुत्र्यांच्या टोळ्या घालून त्याची शिकार करणें इंग्लंडांत २००४ च्या कायद्यानें बंद झालें. बंदुकीनें मारणें चालूं आहे. आपल्याकडील कोल्हा या भूमीचाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार करणें हा गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें त्याचें नांव पहिल्या अनुसूचींत गेलें आहे. एखादा प्राणी माणसाच्या जीवास धोकादायक झाला किंवा रोगानें असाध्य जर्जर झाला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याबद्दल लेखी परवानगी देऊं शकतात. खाजगी माणसानें बंदुकीवर दुर्बीण बसवून बांधावर जाणें म्हणजे तुरुंगाची वाट धरणें होय.

पण कायदा बाजूस ठेविला तरी मारल्यानें रोग जातो काय? युरोपांत खोकडांमध्यें रेबीज पसरला तेव्हां प्रथम बंदुका, सांपळे व बिळांतील विषारी धूर हेच उपाय झाले; रोग हटला नाहीं. कारण एका हद्दींतील प्राणी मेला कीं ती जागा भरावयास नवे, भटके प्राणी येतात, आणि रोग त्यांच्याबरोबर फिरतो. १९७८ सालीं स्वित्झर्लंडांत कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून तीं रानांत टाकण्याचा प्रयोग झाला. खोकडांनीं तीं खाल्लीं, आणि रोगाची वाट अडली. पुढें हीच रीत इतर देशांनीं उचलली आणि पश्चिम युरोपांतून खोकडांचा रेबीज जवळ जवळ नाहींसा झाला. बंदुकीला जें साधलें नाहीं तें लसीनें साधलें. आपल्याकडे तर या रोगाचा मुख्य वाहक कुत्रा आहे. रोगी कुत्र्यापासून तो कोल्ह्यास लागूं शकतो. म्हणून गल्लींतील कुत्र्यांस लस टोंचणें हाच कोल्ह्याचाहि पहिला बंदोबस्त.

रात्रीं पाहणाऱ्या यंत्राचा खरा उपयोग मग कोणता? मोजणें, ओळखणें, आणि आजारी प्राणी वेळेवर हेरणें. महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानानें वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटी-इंडिया या संस्थेच्या सहकार्यानें मुंबई परिसरांतील कोल्ह्यांचा अभ्यास हातीं घेतला, तो आपोआप छायाचित्र घेणाऱ्या यंत्रांच्या साह्यानेंच. प्राण्याच्या अंगची ऊब समोरून सरकली कीं असें यंत्र स्वतः जागें होतें. वसईकरांस तर हें शिकवावयास नकोच. मार्च-एप्रिल २०२४ मध्यें वसईच्या किल्ल्यांत बिबट्या वावरूं लागला, तेव्हां वन खात्यानें अशींच यंत्रें लावून त्याचा माग काढला आणि सुमारें पंचवीस दिवसांनीं त्यास पिंजऱ्यांत जिवंत धरलें. एक गोळीहि झाडावी लागली नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं जो किल्ला घेतला, त्याच्या तटांत एवढें काम कोणाच्याहि प्राणहानीशिवाय व्हावें, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या आईस जें सांगितलें गेलें तें आमच्या वाचकांसहि उपयोगी पडेल. उष्टें, मासळीचीं डोकीं, कोंबडीचीं आंतडीं इमारतीच्या मागें उघड्यावर टाकूं नयेत. कोल्हा अंगणांत येतो तो बहुधा त्या वासानें. कोंबड्या रात्रीं बंद कराव्या. मुलांस सांगावें कीं दिवसाढवळ्या न भितां जवळ येणारा, लाळ गाळणारा किंवा लडखडणारा कोल्हा दिसला तर दगड न मारितां घरांत यावें. मोठ्यांनीं वन खात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि हळद-चुना न लावितां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पाश्चरनें १८८५ सालीं पहिल्या मुलास लस टोंचली. तेव्हांपासून वेळेवर गेलेल्यास भय फार थोडें उरलें आहे. इमारतींतील मंडळींनीं त्याच आठवड्यांत कचऱ्याची जागा हलविण्याचें व कुत्र्यांच्या लसीसाठीं अर्ज करण्याचें ठरविलें. बंदुकीची गोष्ट पुनः कोणीं काढली नाहीं.

मोठा प्रश्न मात्र शिल्लकच आहे. मिठागरें बंद पडत आहेत, खाजणांत भराव पडत आहे, तिवरें तुटत आहेत. ज्या भूमीवर भरतीचें पाणी पसरावयाचें तिजवर माती पडली कीं कोल्ह्याचें घर जातें, आणि पावसाळ्यांत तेंच पाणी माणसाच्या घरांत शिरतें. वसईकरांनीं २०१८ च्या जुलैंत तें गुडघ्यांच्या वर अनुभविलें आहे. शांतिपर्वांत गृध्र आणि गोमायु यांचा संवाद आहे. तेथें दोघेहि आपापल्या पोटासाठीं शोकाकुल माणसांस उपदेश करितात, एक दिवस असतां घरीं जा म्हणतो, दुसरा थांबा म्हणतो. आज खाजणाच्या कडेस उभें राहून उपदेश करणारे असेच पुष्कळ आहेत. आपण कोणाचें ऐकावें, हें ठरविण्यापूर्वीं सांगणाऱ्याचें पोट कशावर भरतें तें पाहावें. कोल्ह्याचें मात्र खेकड्यांवर भरतें, आणि तें त्यानें कधीं लपविलेलें नाहीं.