बैठकीतला चेलो

'अभिजात आणि लोकप्रिय' या विषयावरचा तास मी गेली सोळा वर्षे घेते आहे. त्यासाठीची टिपणे एम.ए.च्या दिवसांतली; कागद पिवळा पडला, पण वाक्ये तीच. त्यांत एक वाक्य असे आहे : 'लोकप्रियतेच्या वाऱ्याला जो कलावंत अंग देतो, त्याचे वाद्य प्रथम बेसूर होते.' लिहिले तेव्हा हे वाक्य मला फार शोभिवंत वाटले होते. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, असे बेसूर झालेले वाद्य तुम्ही कोणाचे ऐकले आहे?" मी म्हणाले, ऐकले आहे, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. कोणाचे ते सांगितले नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझे वडील होते.

तोच मुलगा आठवडाभराने एक ध्वनिमुद्रण घेऊन आला. व्हॅन्सां सेगाल नावाचा फ्रेंच चेलोवादक आणि मालीचा कोरावादक बालाके सिस्सोको यांचे 2009 सालचे 'चेंबर म्युझिक'. मुलाचा हेतू मला खिजवण्याचा असावा. मी ते घरी आणले आणि चार महिने ऐकले नाही. 'फ्यूजन' या शब्दाने मला पूर्वी बराच मनस्ताप दिला आहे; तबल्यावर ड्रम आणि ड्रमवर टाळ्या, यापलीकडे तो प्रकार क्वचितच गेलेला मी पाहिला.

सेगाल 1967 साली फ्रान्समधील रँस येथे जन्मला. लियाँच्या राष्ट्रीय संगीत महाविद्यालयात त्याने पाश्चात्त्य अभिजात परंपरेचे रीतसर शिक्षण घेतले. अशा विद्यार्थ्यापुढचा रस्ता ठरलेला असतो : ऑर्केस्ट्रातील खुर्ची, बाखच्या सहा सूट्स, पुढे जमल्यास एकल वादकाची कीर्ती. हा मात्र 1990च्या दशकाच्या अखेरीस सिरिल आतेफ या तालवादकाबरोबर 'बमचेलो' नावाची जोडी जमवतो, रंगमंचावर आधी काहीही न ठरवता वाजवतो, चेलोला यंत्रे जोडून त्याचेच सूर त्याच्यावर उलटवतो. मात्यू शेदिद या 'एम' नावाने गाणाऱ्या फ्रेंच पॉप गायकाच्या दौऱ्यांत तो आतेफबरोबर साथीला उभा असतो. साथ म्हणजे गरज पडेल तिथे बेस गिटारदेखील. केप व्हर्देच्या सेझारिया एव्होराला त्याने साथ केली, स्टिंगच्या 2009 सालच्या हिवाळ्यावरील गीतसंग्रहातही त्याचा चेलो आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर बमचेलोचे सगळेच मला मानवले नाही. काही ठिकाणी नुसती धडधड आहे; सभागृहात नाचणाऱ्यांना ती पुरत असेल, घरी खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला पुरत नाही. पण बेसूर? ते वाद्य कुठेही बेसूर झालेले मला आढळले नाही, आणि मी शोधायचे कमी केले नाही.

'चेंबर म्युझिक' ही निराळी गोष्ट आहे. बामाकोमध्ये सालिफ केइता यांच्या मूफू स्टुडिओत रात्रीच्या निवांतपणात ते ध्वनिमुद्रित झाले. कोरा हे एकवीस तारांचे वाद्य. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणलेले, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांनी छेडायचे. ते वाजवण्याचा अधिकार मांडे समाजातील जेली घराण्यांचा, म्हणजे वंशावळी आणि वीरगाथा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणाऱ्यांचा. बालाकेचे वडील जेलीमुसा सिस्सोको मालीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदात होते. त्यांच्या अकाली मृत्यूनंतर कोवळ्या वयात बालाकेने ती जागा घेतली. जेलीमुसा आणि सिदिकी जाबाते यांनी 1970 साली दोन कोरांचे एक ध्वनिमुद्रण केले होते. त्यांचे मुलगे, बालाके आणि 2024 साली निवर्तलेले तुमानी जाबाते, यांनी 1999मध्ये त्याला जणू उत्तर म्हणून दुसरे केले. घराणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आणि ज्याच्या स्टुडिओत हे घडले तो सालिफ केइता? तो सम्राट सुंजाताच्या राजवंशातला. त्या समाजाच्या रीतीप्रमाणे केइतांनी गाणे ऐकायचे, गायचे नाही. गाणे जेलींचे काम. त्याने गाणे पत्करले ते कुळाचा रोष ओढवून. म्हणजे घराण्यातला एक आणि घराण्याबाहेरचा एक, असे दोघे वाजवायला बसले ते ज्याला गाण्याचीच मनाई होती त्याच्या छपराखाली.

हे दोघे वाजवतात कसे, ते शब्दांत सांगणे अवघड आहे, तरी प्रयत्न करते. चेलो पुष्कळदा खाली राहतो. बोटांनी छेडलेली चार-पाच स्वरांची एक आकृती तो पुन:पुन्हा फिरवत ठेवतो, जसा एखादा समंजस लेहऱ्याचा साथीदार; आणि कोरा तीवरून धारेसारखा वाहतो. मग केव्हातरी सेगाल गज उचलतो आणि भूमिका बदलतात. गजाचा दाब इतका हलका, की कधी बासरीचा, कधी सारंगीचा, कधी नुसत्या श्वासाचा भास होतो. कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणी कोणाला वाट करून दिल्याचा आविर्भावही करत नाही. आवा सांघो यांच्या आवाजातले एकच गीत त्यात आहे. बाकी सारे वाद्यसंगीत.

शुद्धतेचे कैवारी म्हणतील, चेलो हे गजाचे वाद्य, ते असे छेडणे म्हणजे त्याची पायरी उतरवणे. पण देब्यूसीच्या 1915 सालच्या चेलो सोनाटाचा दुसरा भाग ऐकावा. तिथे चेलो गिटारीसारखा छेडला जातो, आणि ते आज निर्विवाद अभिजात आहे. बाखच्या सूट्सचेच पाहा. 1890च्या सुमारास बार्सेलोनातील एका दुकानात तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला त्यांची प्रत मिळाली तेव्हा त्यांना सरावाच्या पाठांहून फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्याने 1936 ते 1939 या काळात त्या ध्वनिमुद्रित केल्या आणि मग त्या चेलोची गीता झाल्या. बरे, त्या सूट्समधले तुकडे कोणते? सॅराबांद, मेन्युएट, जिग. सगळी नाचाची नावे.

मला अडकवून ठेवले ते मात्र शीर्षकाने. 'चेंबर म्युझिक' म्हणजे दालनात, मोजक्यांनी मोजक्यांसाठी वाजवायचे संगीत. युरोपात हा शब्द अत्यंत प्रतिष्ठित. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : बैठकीचे संगीत. आणि आपल्या या शब्दाची गंमत अशी, की तो ख्यालालाही चालतो आणि लावणीलाही. बैठकीची लावणी म्हणताना आपण अडखळत नाही. भाषेला जे कधीच मान्य होते, ते मी सोळा वर्षे फळ्यावर दोन रकाने आखून नाकारत होते.

आता अण्णांविषयी. ते मिरजेत एका बुवांकडे व्हायोलिन शिकत. सहा वर्षे शिकले. 1972च्या गणेशोत्सवात एका ऑर्केस्ट्रात त्यांनी पाच रात्री चित्रपटगीतांना साथ केली. रात्रीचे पंधरा रुपये मिळत. आत्याच्या लग्नाचे देणे होते. बुवांनी निरोप पाठवला, "उद्यापासून येऊ नये." अण्णा गेले नाहीत, विनवणीलाही नाही. पुढे एसटीत कारकुनी आणि सणासुदीला ऑर्केस्ट्रा, असे तीस वर्षे चालले. हे सारे मला आत्याने सांगितले. अण्णांनी कधीच नाही. नववीत असताना मी वर्गमैत्रिणींबरोबर चौकात गेले होते. झगमगीत सदरा घातलेले अण्णा मंचाच्या कडेला एका उडत्या गाण्याचे मधले तुकडे वाजवत होते. मैत्रीण म्हणाली, "ते तुझे बाबा ना?" मी म्हणाले, "नाही." पुढे एम.ए.ला गेल्यावर बुवांची बाजू मला तत्त्व म्हणून सापडली. टिपणातले ते वाक्य तेव्हाचे.

तुलना करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही, नाहीतर सेगालच्या निमित्ताने मी अण्णांवर दुसरा अन्याय करीन. फ्रान्समध्ये रंगमंचीय कलावंतांसाठी बेकारी विम्याची खास व्यवस्था आहे. वर्षभरात 507 तासांचे काम दाखवले की दोन कामांमधल्या रिकाम्या दिवसांत भत्ता मिळतो. आज ऑपेरात, उद्या तळघरातल्या क्लबात, परवा बामाकोत, असे फिरायला धैर्य लागतेच. पण त्या धैर्याखाली अशी एक जाळी बांधलेली असते. शिवाय तिथे कोणा एकाच्या निरोपाने विद्या बंद होत नाही. अण्णांच्या बाबतीत पंधरा रुपये आणि विद्या यांत निवड करायची होती, आणि पंधरा रुपये त्यांचे एकट्याचे नव्हते.

गेल्या दिवाळीत मी ते ध्वनिमुद्रण मिरजेला नेले. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. डाव्या हाताची बोटे आखडली आहेत, पण कान शाबूत. कोण, कुठले, काहीच न सांगता मी लावले. पहिले संपेपर्यंत ते बोलले नाहीत. दुसऱ्याच्या मध्यावर म्हणाले, "खाली गिटार नाही, मोठे व्हायोलिन आहे. बोटाने वाजवतोय." मग थोड्या वेळाने, "मीसुद्धा वाजवत असे. मेंडोलिनवाला दारू पिऊन झोपला की व्हायोलिन आडवे मांडीवर घेऊन मीच छेडायचो. लोकांना कळायचे नाही." हे त्यांनी मला प्रथमच सांगितले.

मी मग सेगालविषयी सांगितले. 2015चे 'म्युझिक द न्वी' आहे, त्यातला काही भाग सिस्सोकोच्या घराच्या गच्चीवर ध्वनिमुद्रित झाला, शहराचे आवाजही त्यात आले आहेत. 2023मध्ये ॲकॉर्डियन आणि सॅक्सोफोन यांना बरोबर घेऊन 'लेझ एगारे' केले. ते ऐकत होते की नाही, कळले नाही.

"बुवांना हे आवडले असते," ते एकदम म्हणाले.

मला राग आला. पन्नासहून अधिक वर्षांनी हा माणूस अजून त्यांची बाजू घेतो, म्हणून. मी म्हणाले, "अण्णा, त्यांनी तुम्हाला दाराबाहेर काढले."

"काढले. पण रात्री शिकवणी संपली की ते रेडिओ सिलोन लावत. आवाज बारीक करून. मी व्हायोलिन पेटीत ठेवायला मुद्दाम वेळ लावत असे."

मग त्यांनी आवाज कमी करायला सांगितला. शेजारची मुलगी दहावीला आहे, अभ्यास करत असेल, म्हणाले. आवाज कमी केला तसे कोरा पुसट झाला आणि खालचा चेलो तेवढा ऐकू येत राहिला. नववीतल्या त्या संध्याकाळबद्दल बोलायचे असे मी ठरवून गेले होते. बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात तो तास आहे. टिपणे काढून ठेवली आहेत. ते वाक्य अजून खोडलेले नाही. त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायचे आहे, आणि तो आता या महाविद्यालयात नाही.