पावट्यातला पहारेकरी

मावळात भात निघाले, की त्याच ओलीवर पावटा, हरभरा पेरतात. लोणावळ्याच्या आमच्या घरी पावटा रात्रभर भिजवून, चांगला शिजवूनच ताटात येई. कच्चा राहिला तर बाधतो, एवढेच आई सांगे. त्यामागचे कारण पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पुतणीकडून कळले. दाण्यातले काही पदार्थ आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकराला, अडवून धरतात. शिजवल्यावर त्यांचा जोर ओसरतो.

स्वयंपाकघराला नकोसा हा पहारेकरी प्रयोगशाळेला मात्र हवा असतो. पेशी फोडली, की एरवी कप्प्यांत कोंडलेली तिचीच विकरे मोकाट सुटतात आणि तिचीच प्रथिने कुरतडतात. म्हणून नमुना बर्फावर ठेवायचा आणि फोडतानाच निरोधक घालायचे. कुनिट्झ या शास्त्रज्ञाने १९४५ साली सोयाबीनमधून स्फटिकरूपात मिळवलेला निरोधक आजही वापरतात. “जरा उशीर झाला, काका, की महिन्यांची मेहनत पाण्यात!” पुतणी म्हणते.

दाण्याने बाहेरच्या किडीसाठी केलेली तजवीज माणसाने आतल्या लुटीसाठी उसनी घेतली. लोहगड-विसापूरच्या परिसरात वाढलेल्या आम्हांला हे चटकन पटते. तट ढासळला, की आधी आतल्यांनाच आवरावे लागते.