जवसाचं जेल आणि माझे जुने केस

दीड वर्षापूर्वी अंबडला माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. बस्ता बांधायला निघालो तेव्हा रिक्षात आठवीतली लेक हळूच म्हणाली, "अम्मी, मेरे बालां भी सीधे करा दो ना."

माझं भाषण तयारच होतं. वय लहान आहे, केमिकल वाईट असतं, अल्लाहनं दिलेत ते केस छान आहेत. अर्धं बोलून झालं तेव्हा तिनं माझ्या ओढणीकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुम तो हर साल कराते." पुढचा अर्धा भाग मी गिळला. वर्गात साठ पोरांसमोर मला कधी असं गप्प व्हावं लागलं नव्हतं.

खरं होतं ते. तेहतिसाव्या वर्षापासून दर वर्षी ईदच्या आधी मी स्मूदनिंग करत होते. लहानपणी दर रविवारी अम्मी मला पुढ्यात घेऊन बसायची. हातात बारीक दातांची फणी, माझ्या डोळ्यांत पाणी, आणि अम्मीचं पालुपद एकच: "सर है की घोसला?" गंमत म्हणजे मी उर्दू शिकवते. उर्दू शायरीत जुल्फेच्या वळणाची, पेचांची जेवढी तारीफ आहे तेवढी बहुधा चंद्राचीही नसेल. कुरळ्याला उर्दूत 'घुंगराले' म्हणतात, ऐकतानाच कानात घुंगरू वाजतं. दहावीच्या वर्गात मी हे सगळं रंगवून सांगायची, आणि डोक्यावर इस्त्री केल्यासारखे केस घेऊन घरी यायची.

स्मूदनिंगमध्ये नेमकं काय होतं ते मी नंतर वाचलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या आत गंधकाचे बंध असतात, त्यांच्यामुळं केसाला आकार टिकवून ठेवता येतो. क्रीमनं ते बंध तोडायचे, तापत्या पट्टीनं केस सरळ करायचा, मग दुसऱ्या द्रवानं बंध नव्यानं जोडायचे. केलेला केस परत कुरळा होत नाही, पण मुळातून येणारा नवा केस आपल्या जुन्या स्वभावानंच येतो. महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर. म्हणून दर वर्षी पुन्हा पार्लर, पुन्हा पैसे. शेवटच्या खेपेला तर कानशिलापाशी कातडी भाजली आणि तिथले केस तुटून गेले. पार्लरवाली म्हणाली, "मॅडम, तुमची स्किनच नाजूक."

'केराटिन ट्रीटमेंट' या नावानं जे मिळतं ते वेगळं प्रकरण आहे. त्यातल्या बऱ्याच द्रवांतून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो. हा पदार्थ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलेला आहे. मग 'फॉर्माल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या बाटल्या आल्या. त्यांपैकी काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. 2024 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका तरुणीची हकीकत आली. तिनं तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. तिच्या क्रीममध्ये हेच आम्ल होतं. ज्यांना करायचंय त्यांनी निदान बाटली उलटून वाचावी.

मी थांबवलं. मधले दहा महिने डोक्यावर दोन माणसं राहत होती, वर कुरळी आणि खाली सरळ. दोन्ही जिथं भेटतात तिथंच केस तुटतो. स्कार्फचे मी तेव्हा फार आभार मानले, स्टाफरूममध्ये कुणाला पत्ताच लागला नाही. मग एका रविवारी खालची सरळ शेपटी कापून टाकली.

आता या केसांचं करायचं काय, हे मला चव्वेचाळीसाव्या वर्षी माहीत नव्हतं. मोबाईलवर शोधलं. बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायांचे. त्यांची लढाई आपल्यापेक्षा फार मोठी आणि जुनी. नैसर्गिक केसांमुळं नोकरी-शाळेत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये कायदा करावा लागला. त्यांच्याकडून धीर घेतला तो ठीक, पण मी त्यांची सामग्रीही घेतली. ऑनलाइन पाच बाटल्या, दोन हजार आठशे रुपये. त्यांचे केस माझ्यापेक्षा कितीतरी घट्ट वळणाचे. त्यांना चालणारं शिया बटर माझ्या डोक्यावर थिजलेल्या तुपासारखं बसलं.

शिवाय त्या सगळ्या व्हिडिओंत शॉवर धो धो वाहत असतो. जालन्यात नळाला पाणी कितव्या दिवशी येणार यावर आमची धुणी ठरतात. मधल्या दिवसांत बोअर. काळ्या खडकातून वर आलेलं जड पाणी, नळाच्या तोटीवर पांढरे थर बसवणारं. तेच क्षार केसांवर बसतात, आणि कुरळा केस आधीच कोरडा. महिनाभर मी बाटल्यांना दोष देत होते, दोष पाण्यात होता. आता आठवड्यातून एकदाच न्हाते. सगळं धुणं बोअरच्या पाण्यात, आणि शेवटचे दोन तांबे तेवढे जारच्या पाण्याचे. एप्रिल-मेमध्ये प्यायचं पाणी डोक्यावर ओतताना हात आखडतो. तेव्हा एकाच तांब्यात भागवते.

पाचपैकी चार बाटल्या वाटून टाकल्या. कंडिशनर ठेवला, कारण कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच गुंता सुटतो, कोरड्यात सुटत नाही, फक्त तुटतो. अम्मीची सारी रविवारची लढाई कोरड्या केसांशी होती, बिचारीला कुणी सांगितलंच नाही. फणीऐवजी मोठ्या दातांचा लाकडी कंगवा, कादराबादेत तीस रुपयांना. खालून वर विंचरत यायचं, टोकं आधी. जाड टॉवेलनं केस खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती ओढणीनं दाबून टिपायचे. स्कार्फच्या आत साटीनचं अस्तर शिवून घेतलं, सुती कापड दिवसभर घासून केस फुलवतं. आणि ओल्या केसांवर घट्ट स्कार्फ बांधून शाळेत जाणं बंद केलं. ही सवय आपल्यात फार जणींना आहे.

शिकेकाईही परत आणली. साबणाचा जड पाण्यात साका होतो, तसा तिचा होत नाही. फक्त भुकटी थेट डोक्यावर थापू नका. कुरळ्यांत अडकलेला चोथा मी दोन दिवस वेचत होते. उकळून, गाळून, नुसतं पाणी वापरायचं.

पण खरा शोध जवसाचा. 'फ्लॅक्ससीड जेल'ची बाटली साडेचारशेला होती. फ्लॅक्ससीड म्हणजे काय ते पाहिलं आणि हसू आलं. जवस! ज्याची चटणी मराठवाड्यात भाकरीबरोबर खाऊनच आम्ही वाढलो. दोन चमचे जवस एका पेल्याभर पाण्यात सात-आठ मिनिटं उकळायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचा, थंड झाल्यावर गळत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून मुठीत चुरगाळायचं, वाळलं की कडक झालेली वळणं हातानं मोकळी करायची.

सासूबाईंनी बरणी पाहून विचारलं, "इससे वजू होता क्या? पानी पोचता क्या?" प्रश्न रास्त होता. मी वाळलेली बट ओल्या हातानं चोळून दाखवली. जेल विरघळून बोटाला चिकट लागलं. त्यांनी वास घेतला, "चटनी की बास आती," म्हणाल्या आणि तस्बीह घेऊन आत गेल्या.

लेकीचं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. पुतणीच्या लग्नात ती रुसून वेणी घालून बसली होती. गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनासाठी मैत्रिणीकडून केस सरळ करायचं मशीन मागून आणलं, एकदा फिरवलं, मी काही बोलले नाही. परवा मात्र स्वयंपाकघरात एकटीच जवस उकळत होती. गाळायला उशीर केला आणि पातेल्यात दगडासारखा गोळा बसला. दोघींनी मिळून पुन्हा पाणी घालून तापवला.

माझा लाकडी कंगवा आठ दिवस झाले सापडत नाही. तिच्या दप्तरात आहे हे मला माहीत आहे. मी काही मागितलेला नाही. सोमवारी शाळेतून येताना कादराबादेतून दुसरा आणेन.