वाचणं म्हणजे उचलणं

पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘अजित’ प्रोसेसर २०१९मध्ये लोकांसमोर आला. चर्चा झाली ती त्याच्या देशीपणाची, मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तो तयार झाल्याची. मला मात्र एक बारीकशी गोष्ट त्याहून मोलाची वाटते. ‘अजित’ ज्या स्पार्क व्ही८ या खुल्या मानकाला धरून आहे, त्या मानकातल्या मेमरी-व्यवस्थेत प्रत्येक पेजची नोंद ३२ बिटांची असते आणि त्यातल्या एका बिटाचं नाव ‘सी’. तो १ असेल तर त्या पेजवरच्या मजकुराची प्रत कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या झटपट साठ्यात, ठेवायला मुभा. ० असेल तर दर वेळी मूळ जागी जाऊनच वाचायचं. कशाची प्रत ठेवावी हे प्रोसेसरला आपलं आपण कळत नाही, कुणीतरी ते सांगावं लागतं. माझं म्हणणं असं, की हे सांगण्याचा अधिकार त्यालाच, ज्याला मूळ मजकूर कोण कोण बदलतं हे ठाऊक आहे.

मेमरीत लिहिलेलं कुणी पुन्हा लिहीपर्यंत तसंच राहतं. उपकरणाच्या रजिस्टरचं, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या कप्प्याचं, तसं नसतं; पण त्याला पत्ता मेमरीसारखाच मिळतो आणि फसगत तिथेच होते. सीरियल पोर्टची १६५५० ही जुनी, पण अजून भेटणारी चिप घ्या. तिच्या शून्याव्या रजिस्टरमध्ये बाहेरून आलेलं अक्षर असतं, पाचव्यात पोर्टची स्थिती. शून्यावरचं अक्षर वाचलं की ते रांगेतून निघून जातं. बँकेतल्या यंत्रातून टोकन काढावं तसं: बघायचं म्हणून काढलं, तरी नंबर पुढे सरकलाच. आता ही चिप चालवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, फक्त स्थिती हवी आहे आणि हे पेज चुकून कॅशमध्ये जाऊ दिलंय. कॅश एकेक बाइट आणत नाही, ३२ किंवा ६४ बाइटांची ओळच उचलते. पाचवं मागितलं, तर शेजारचं शून्यही वाचलं जाऊ शकतं, आणि कुणीही न मागितलेलं अक्षर हरवतं. वर स्थितीची शिळी प्रत हातात राहते, ती वेगळीच. अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर सोडून छापील वेळापत्रकाकडे बघत उभं राहावं, तसा ड्रायव्हर त्याच उत्तरापाशी फिरत राहतो.

यावर प्रोग्राममध्ये त्या पत्त्यापुढे ‘व्होलाटाइल’ लिहिलं की झालं, असं पुष्कळ जण म्हणतात. ते पुरत नाही. तो शब्द कंपायलरसाठी आहे; कंपायलर दर वेळी वाचण्याची आज्ञा घालतो, पण आज्ञा निघाल्यावर कॅश मध्येच उत्तर देत असेल तर तिला तो शब्द ऐकू येत नाही. म्हणूनच लिनक्समध्ये ड्रायव्हर ‘आयओरीमॅप’ने कॅशविना पत्ता मागून घेतो आणि ‘रीडएल’, ‘रायटएल’ने व्यवहार करतो.

दर वेळी मूळ जागी जाण्यावरचा दुसरा आक्षेप वजनदार आहे: वेळ. ४०० किलोहर्ट्झच्या आय-टू-सी तारेवरून एका बाइटचं रजिस्टर वाचायला ३६ बिट जातात, म्हणजे सुमारे ९० मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरच्या हजारो आज्ञा होतात. ऑडिओ कोडेक या आवाजाच्या चिपची शंभर रजिस्टरं अशी वाचत बसणं परवडत नाही, हे खरंच. म्हणून लिनक्सचा ‘रेगमॅप’ प्रत ठेवतो, पण ड्रायव्हरला आधी विचारून: कोणतं रजिस्टर चिप स्वतःहून बदलते, कोणत्यात फक्त आपणच लिहितो. आवाजाची पातळी आपणच लिहिलेली, तिची प्रत बिनधोक; हेडफोन जोडलाय का, हे मात्र चिपलाच विचारायचं. पुढे झोपेच्या अवस्थेत चिपची वीज तोडली की तिची रजिस्टरं कोरी होतात. जागी झाल्यावर ‘रेगमॅप’ आपल्याकडची पातळी तिला परत लिहून देतो, कारण तेव्हा मूळ मजकूर उरलेला असतो तो त्या प्रतीतच.