मंचाचं टेबल

2024च्या विधानसभेआधी पुण्यात आमच्या नागरिक मंचाने मतदार नोंदणीचं टेबल लावलं होतं. मंडप आणि खुर्च्या फुकट द्यायला इच्छुक मंडळी तयारच असतात. आम्ही मात्र वर्गणी काढून दोन्ही भाड्याने आणलं. खुर्चीच्या पाठीवर कुणाचं नाव रंगवलेलं असलं, की लोकांच्या लेखी टेबलही त्याचंच होतं.

माझी राजकीय मतं ठाम आहेत, मंचात इतरांचीही आहेत. पक्षाचं पद घेतलं तर मंचाचं सोडायचं आणि आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत मोबाइलच्या स्टेटसवरही प्रचार करायचा नाही, एवढं ठरलेलं. ते पाळणं सोपं. खरा कस लागतो तो समोर माणूस येऊन बसला की.

एका दुपारी गळ्यात पक्षाचा गमछा घातलेला मुलगा आला. नुकताच अठरा पूर्ण झालेला. त्याचं मत मला नको असलेल्या उमेदवाराला जाणार, हे उघडच होतं. आधार कार्डावर त्याचं नाव एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या. ‘ताई, चालेल ना?’ चालेल म्हटलं असतं तर तो खुशीत गेला असता आणि अर्ज अडकला असता. आधी आधारमधलं नाव दुरुस्त करायला पाठवलं. तो परत आल्यावर सहा नंबरचा फॉर्म भरला, पत्त्यासाठी आईच्या नावाचं वीजबिल जोडलं आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांचा (बीएलओ) नंबर लिहून दिला. पुढे त्याचं नाव यादीत आलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला.

नोंदणीचं काम संपल्यावर आम्ही उमेदवारांच्या माहितीचा फलक केला. उमेदवारांना शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003च्या निकालांमुळे ती आपल्याला मिळते. सगळे उमेदवार मतपत्रिकेवरच्या क्रमाने, एकाच आकाराच्या अक्षरांत. दाखल गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यांचे रकाने वेगळे. एक कार्यकर्ते तावातावाने आले, ‘आमच्याच साहेबांच्या केसेस कशा दिसल्या तुम्हाला?’ त्यांना प्रत्येकाच्या नावापुढचा तोच रकाना वाचून दाखवला. पटलं नाही त्यांना, पण फलक फाटला नाही.

निःपक्ष म्हणजे मुळमुळीत, असं काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. तेव्हा महापालिकेत मार्च 2022पासून नगरसेवकच नव्हते. तुंबलेल्या ड्रेनेजचं गाऱ्हाणं न्यायचं कुठे, तर क्षेत्रीय कार्यालयात, नाही तर आमदारांकडे. निवडून येईल त्याच्याच दारात आम्हाला जायचं होतं, आणि तिथे आवाज चढवायचा तर कुणाचे उपकार डोक्यावर असून चालणार नव्हतं.

निकालानंतर विजयी सभेत सत्कार घ्यायला बोलावणं आलं. शाल-श्रीफळ नम्रपणे नाकारलं. पुढच्या आठवड्यात ड्रेनेजची चेंबर तुंबतात त्या जागांची यादी घेऊन निवडून आलेल्या आमदारांकडे गेलो. तिच्यावर दोन्ही बाजूंच्या समर्थकांच्या सह्या होत्या. साहेबांनी विचारलं, ‘तुमच्यातल्या किती जणांनी मला मत दिलं?’ ते आम्ही एकमेकांनाही विचारत नाही, असं सांगितलं आणि ड्रेनेज विभागासोबत बैठक कधी लावता ते विचारलं. त्यांनी बुधवार दिला.