कल्याणचा बाजार जागेवरच राहू द्या

कल्याणचा जुना बाजार गावाबाहेर न्यावा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आज मी नेमकी उलट्या बाजूला उभी आहे.

आम्ही आंबिवलीची माणसं. लग्नाचा बस्ता असो, पितळेची भांडी असोत की गणपतीची आरास, मोठी खरेदी म्हटली की शहाड ओलांडून कल्याणला जायचं. शिवाजी चौकातून बाजारपेठेत शिरलं की रिक्षा, हातगाड्या, माल उतरवणारे टेम्पो आणि त्यातून वाट काढणारी माणसं. रुग्णवाहिका अडकली की जीव घुसमटतो. माझी समजूत अशी होती, की कल्याण घडवलं रेल्वेनं. 1 मे 1854 रोजी ठाण्याहून पहिली गाडी इथे आली, पुढे एक मार्ग कसाऱ्याकडे गेला, दुसरा कर्जतकडे, आणि कल्याण जंक्शन झालं. बाजार त्याच्या आधीच्या काळातला. जंक्शनच्या शहराला आता त्याची गरज काय?

या समजुतीला पहिला धक्का एका आकड्यानं दिला. 1901च्या जनगणनेत कल्याणची लोकसंख्या होती 10,749. रेल्वे येऊन जवळपास अर्धं शतक झालं होतं, तरी हे पावणेअकरा हजारांचं गावच होतं, आणि इथला मुख्य धंदा होता भात सडण्याचा. 2011मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास गेली. ही वाढ मुख्यतः मुंबईत नोकरी आणि इथे घर असलेल्या माणसांची आहे. रेल्वेनं कल्याण फुगवलं हे खरं. पण कल्याण घडलं त्याच्या कितीतरी आधी.

कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण अधिकृत बाजाराचं ठिकाण म्हणून येतं. पुढे सत्ता बदलली तेव्हा इथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही तो ग्रंथ सांगतो. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी इथून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं असं लिहितो. बंदर अडवलं गेलं, तरी काही शतकांनी माल पुन्हा वाहता होता. कारण जागाच तशी आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मुरबाडवरून नाणेघाटाकडे आणि पुढे जुन्नरला जाणारी वाट. आज त्याच दिशेनं माळशेज घाट उतरून भाजीचे ट्रक कल्याणच्या बाजार समितीत येतात. गलबतं गेली, बैलगाड्या गेल्या, देवाणघेवाण राहिली.

बाजाराचं मोल इतरत्रही जपलं जातं. इंग्लंडमध्ये मध्ययुगात राजाची सनद मिळाली की गावाला ठरावीक वारी बाजार भरवण्याचा हक्क मिळे. लडलोसारख्या गावात आजही बाजार ऐन मध्यावर, किल्ल्यासमोर भरतो. तिथे बाजार हीच गावाची ओळख मानतात. आपण मात्र त्याला अडथळा म्हणतो.

दुसरा धक्का आमच्या दारातला. 2009मध्ये मोहन्याचा एनआरसी हा कारखाना बंद झाला. आंबिवली-मोहने परिसराचं सगळं जगणं त्या एका कारखान्याभोवती फिरत होतं. पगार थांबला तसा दुकानांचा, खानावळींचा, रिक्षांचा धंदा ओसरला. एका दरवाजावर अवलंबून असलेलं गाव तो दरवाजा बंद झाला की कसं उघडं पडतं, ते आम्ही पाहिलं. कल्याणचा बाजार शेकडो छोट्या दुकानांचा, फेरीवाल्यांचा, टोपलीवाल्यांचा आहे. त्यातलं एक बुडालं तरी बाकीचे उभे राहतात. गावाची खरी ताकद यात आहे, हे मला तेव्हा पटलं.

पावसाच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया शेवळं, काकडं अशा रानभाज्या घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. नंतर टाकळा, कुर्डू, कंटोली. पहाटे निघून त्या इथे येतात, कारण गिऱ्हाईक इथूनच जातं. बाजार शहराबाहेरच्या चकचकीत इमारतीत नेला, तर त्या तिथे गाळा घेऊ शकणार नाहीत आणि गिऱ्हाईकही तिथवर जाणार नाही. माझ्या जुन्या मतात या बायांना जागाच नव्हती.

घाऊक व्यापार बाहेर असावा, हे मला आजही मान्य आहे. बाजार समितीचं आवार त्यासाठीच आहे. कोंडीही खरीच आहे. पण तिच्यावर उपाय आहेत: माल उतरवायला रात्रीची वेळ, पेठेत मोटारींना बंदी, पायी चालणाऱ्यांना रस्ता, स्टेशनाजवळ टोपलीवाल्या बायांसाठी छप्पर, पाणी आणि स्वच्छतागृह. यातलं काहीच अशक्य नाही. दोन हजार वर्षं ज्यानं या गावाला पोसलं, त्याच्यासाठी एवढं करणं हे महापालिकेचं कर्तव्य आहे, आणि ते मागणं आम्हा गिऱ्हाइकांचं.